साठ पन्न्या

२ एप्रिल

ती. मामास,
सा. न.

माझं सगळं बदललं ते सव्वीस मार्चला, अकरा वाजून वीस मिनिटांनी. वेळ पक्की माहीत आहे, कारण प्रयोगशाळेचं दार मी आपटलं तेव्हा वरचं घड्याळ खाली पडलं आणि तिथेच थांबलं. दाराची काचही फुटली. आईने तुला नुसती काच सांगितली असेल. घड्याळाचं तिला अजून माहीत नाही, तूही सांगू नकोस.

झालं होतं एवढंच, की एका मुलीच्या हातून परीक्षानळी फुटली आणि सर तिला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. मला बघवलं नाही. मी उठलो, बोललो ते बोललो आणि निघालो. प्राचार्य म्हणाले, माफीपत्र लिहून दे. मी म्हटलं, पत्र लिहीन, माफीचं नाही. संपलं कॉलेज, दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर असताना. आणि त्या मुलीने काय करावं? मैत्रिणीकडून निरोप पाठवला, 'तुला कोणी सांगितलं होतं?' दीड वर्ष मी जिच्यासाठी तिसऱ्या बाकावर बसलो, तिचा हा निरोप. प्रेम या विषयावर मी कायमची फुली मारली आहे.

तू लेकीकडे नवा खुबा बसवून पडलायस आणि मी इथे तुझ्या बागेचा राखणदार. फोन करायचा नाही हे बरंच ठरवलंस. तुला ऐकू कमी येतं, मला राग लवकर येतो, आपण दोघं ओरडायला लागलो की ताईची पोरं रडतात.

काल तारवाल्याने काम पुरं केलं. खालच्या पट्ट्यातल्या चाळीस कलमांभोवती पाच तारा, आणि शेडच्या भिंतीवर झटका मशीन. हिरवी पेटी, दर सेकंदाला टक् करते. मी तारवाल्याला दहा प्रश्न विचारले. तो कायम तोंडात खिळे धरून असतो, त्यामुळे हो म्हणाला की नाही तेही कळलं नाही.

टपाल इथे एक मुलगी आणते. रस्त्याने फेरा पडतो म्हणून ओढा ओलांडून खालच्या अंगाने बागेतूनच येते. आज एका कागदावर सही घेतली. पेन तिचंच होतं. एवढंच.

तुझा भाचा


७ एप्रिल

प्रिय फटाक्या,

पोचलास, बरं झालं. घड्याळाची भानगड माझ्यापाशी राहील. तुझ्या वयात मी तुझ्या आजोबांशी भांडून घराबाहेर पडलो होतो. दार आपटायचं राहिलं, म्हणून आपटायला परत आलो, आणि त्यांनी जेवायला बसवलं. तेव्हा दार आपटण्याची कला आपल्या घराण्यात जुनीच आहे, पण तुझ्याइतकी नेमबाजी कोणाला जमली नाही.

आता कामाचं. ती चाळीस कलमं म्हणजे काय ते तुला नीट माहीत नाही. घरामागचं जुनं नाशपातीचं झाड कोणी लावलेलं नव्हतं. उकिरड्यावर आपसूक उगवलं होतं. त्याच्यासारखं फळ मी दुसरीकडे कुठे खाल्लं नाही. मागल्या वादळात ते मुळासकट पडलं. त्याआधी तीन वर्षं मी त्याच्या काड्या घेऊन खुंटांवर बांधत होतो, त्यातली चाळीस जगली. आता ते झाड म्हणजे ही चाळीस. ती गेली की जगाच्या पाठीवर ते फळ नाही.

आणि हरणांना कोवळ्या कलमाचा शेंडा म्हणजे जीव की प्राण.

तर ऐक. हरणाच्या अंगावरचा केस पोकळ असतो, तारेला अंग घासलं तरी त्याला काही कळत नाही. झटका बसतो तो ओल्या नाकाला आणि जिभेला. म्हणून शेंगदाणे बारीक वाटून त्यांचा लगदा करायचा, चंदेरी पन्नीच्या पट्ट्यांना लावायचा आणि त्या तारेवर लटकवायच्या. साठ पट्ट्या करून कपाटात ठेवल्यात. हरीण वासाने येतं, जीभ लावतं, एकदाच. मग जन्मभर तारेपासून चार पावलं लांब राहतं आणि पोरांनाही तेच शिकवतं. लक्षात घे, पाच तारांची उंची त्याला उडी मारायला काहीच नाही. त्याला तार अडवत नाही, तारेची भीती अडवते.

म्हणून पहिला महिनाभर तार एक तासही मेलेली ठेवायची नाही. भीती बसायला एक झटका लागतो. ती मोडायला एक फुकटचं चाटण पुरतं.

टपाल आणणारी मुलगी चांगली आहे. पेनाची काळजी घे.

मामा


१२ एप्रिल

ती. मामास,
सा. न.

पाहिलं! काल उजाडताना एक मादी आली, मागे मागच्या वर्षीचं पाडस. मी शेडच्या फटीतून बघत होतो, श्वास धरून. ती किती वेळ नुसती उभी. मग मान पुढे, नाक पुढे, जीभ बाहेर, आणि टक्! सरळ वर उडाली, चारही पाय एकदम, आणि उलटी वळून ओढ्यापार. पाडस बिचारं न चाटताच पळालं. मला हसू आलं आणि मग तिची दयाही आली. शेंगदाण्याचा लोभ दाखवून कोणी असं फसवलं तर मीही माणसांवर विश्वास ठेवणार नाही.

टपालवालीला हे सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही लपून बघत होतात? मग तुम्हाला दुसरं काम दिसत नाही." तिच्या डाव्या भुवईत एक खाच आहे, लहानपणी पडली असणार. हसली की ती भुवई आधी हसते, तोंड नंतर.

एक विचारायचं होतं, सहज. या तारेचा झटका माणसाला बसला तर काय होतं? समजा एखाद्या माणसाची पिशवी आहे, तिला लोखंडी बक्कल आहे, आणि ते माणूस तारांमधून वाकून येतं. खालच्या बाजूला फाटक नाही ना आपल्याकडे. नुसती माहिती म्हणून.

तुझा भाचा


१७ एप्रिल

प्रिय फटाक्या,

माणसाला काही होत नाही. लहानपणी आईने पाठीत घातलेला धपाटा आठव. जीव जात नाही, फक्त आपण काय करत होतो ते पटकन आठवतं. चारदा मलाही बसलाय. ज्याला तारेची माहिती आहे तो माणूस बरोबर येतो-जातो.

या दहा दिवसांत तुझी पाच पत्रं आली. एकात एवढंच होतं, की 'आज विशेष काही नाही'. दुसऱ्यात तू मला माझ्याच विहिरीची खोली विचारलीस. ताई म्हणाली, बाबा, भाच्याचा तुमच्यावर भारीच जीव. मी म्हटलं, हो तर. पत्र टाकल्याशिवाय उत्तर येत नाही आणि उत्तर आल्याशिवाय टपाल येत नाही, एवढा हिशेब तुझ्या मामालाही येतो.

फुली जरा घाईने मारलीस, नाही का?

वाकून चालणारा तुझा तो 'माणूस' जपून येवो. पण तार चालू ठेव.

मामा


२७ एप्रिल

ती. मामास,
सा. न.

कसं लिहू कळत नाही. हरणं आत आली. काल उजाडता उजाडता. मी शेडमध्ये गेलो तेव्हा चार जणं पट्ट्यात निवांत चरत होती, जणू त्यांच्याच बापाची बाग. मी ओरडलो तर त्यांनी माना वर करून माझ्याकडे बघितलं आणि सावकाश, एकेक करून, तारांवरून गेली. घाई नाही काही नाही.

अकरा कलमं खाल्ली. शेंडे गेले, पानं गेली, तिघांची सालसुद्धा.

मशीन बंद पडलं होतं. कधी बंद पडलं ते कळलं नाही. आता चालू आहे. सगळ्याच्या सगळ्या साठ पन्न्या चाटून चकचकीत केल्यात, उन्हात आरशासारख्या चमकताहेत, बघवत नाही. मशीन बंद पडलं होतं, मामा. मी लगेच नवीन लगदा लावला आहे.

मला फार वाईट वाटतंय.

भाचा


३० एप्रिल

फटाक्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. ताईने पाणी आणून दिलं.

तू लहान आहेस, तुला दोष देत नाही. पण तारवाल्याला देतो. वीस वर्षांची ओळख, आणि मला असलं मशीन लावलं? अर्थिंगची सळई कोरड्या जागी ठोकली असणार, नाहीतर जोड ढिला. त्याला आजच्या टपालाने लिहिलं आहे, जे तोंडाला आलं ते. बागायतदार मंडळालाही लिहिलं. नऊ तारखेला त्यांची बैठक आहे आणि पुढच्या तीस बागांचं कुंपण याच माणसाला द्यायचं घाटत होतं. मी कळवलं, माझी बाग बघा आणि मग ठरवा.

तू सळईपाशी रोज दोन बादल्या पाणी ओत. तारेला कुठे गवत टेकलंय का बघ.

मामा


४ मे

ती. मामास,
सा. न.

काल तारवाला आला. सोबत मीटर धरायला टपालवाली होती. तिची रविवारची सुट्टी. मी म्हटलं, "तुम्ही इथे कशा?" तर म्हणाली, "बाबांचे डोळे बारीक आकड्यांना चालत नाहीत."

बाबांचे! मामा, तू मला सांगितलं का नाहीस?

आणि तुझं पत्र त्याला कोणी नेऊन दिलं, कळतंय ना तुला? तिनेच. स्वतःच्या हाताने. त्याने तिच्यासमोरच फोडलं.

दिवसभर दोघं एकेक खांब तपासत गेले. प्रत्येक खांबाला ती आकडा वाचायची आणि तो नुसता 'हं' म्हणायचा. सळई उपसून पाहिली, खालपर्यंत ओली होती. सगळे जोड घट्ट. संध्याकाळी तो बादली उपडी घालून बसला, तोंडातले खिळे काढून हातात घेतले. मी त्याचं तोंड खिळ्यांशिवाय पहिल्यांदाच बघितलं. म्हणाला, "यात काही खोट नाही. मग माझ्यात कुठे आहे ते मला दाखवा, साहेब." साहेब म्हणाला मला. मी त्याच्या हातातले खिळे मोजत बसलो.

कदाचित चूक त्याची नसेल. मशीन कधीकधी आपोआप बंद होत असेल. तू मंडळाला पुन्हा लिहून बघ ना.

भाचा


७ मे

फटाक्या,

रागात वाचलेलं पत्र पुन्हा थंडपणे वाचावं, हे मी साठीनंतर शिकलो, आणि तेही पुरतं नाही. काल तुझं सत्तावीस तारखेचं पत्र पुन्हा काढलं.

मशीन एका रात्रीत बंद पडलं असतं, तर हरणाने चार, फार तर सहा पन्न्या चाटल्या असत्या. एकदा जीभ भाजलेलं जनावर बिचकत येतं. एक चाटतं, मागे सरतं. दुसऱ्या दिवशी दुसरी. पोराला आणतं. साठच्या साठ चकचकीत व्हायला आठवडा लागतो. आठवडाभर रोज सकाळी तार मेलेली हवी, आणि हरणांना ती मेलेली असणार याची खात्री हवी. मशीन असं वेळापत्रकाने बंद पडत नाही. माणूस पाडतो.

दुसरं. 'मशीन बंद पडलं होतं' हे तू त्या पत्रात दोनदा लिहिलंस. मी काही विचारलं नव्हतं.

मी शरमलोय ते वेगळ्याच गोष्टीने. वीस वर्षांच्या माणसाला मी एका पत्रावरून खोटा ठरवला. त्याला माफीचं पत्र याच टपालाने जातंय. मंडळालाही मी लिहू शकतो, पण ते बैठकीआधी पोचेल न पोचेल. आणि पोचलं तरी ते माझं पत्र असेल. तुझं नव्हे.

पुढचं तुझं तू बघ. रागावलेला नाही. रागावलो असतो तर हे पत्र आखूड झालं असतं.

मामा


९ मे, दुपारी तीन

ती. मामास,
सा. न.

तुझं पत्र आज सकाळी मिळालं. मी तिला काल सांगितलं. म्हणजे तू ओळखलंयस हे मला कळायच्या एक दिवस आधी. तुझा विश्वास बसणार नाही, पण साक्षीदार तीच आहे.

सगळं लिहितो. तिला झटका बसेल या भीतीने अठरा तारखेपासून मी रोज सकाळी मशीन बंद करत होतो. मध्येच तुझं 'काही होत नाही' असं पत्र आलं, तरी. तिच्या पिशवीचं ते बक्कल माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. आधी साडेसातला बंद, नऊला चालू. मग ती एकदा सातलाच आली, म्हणून साडेसहाला बंद. मग वाटलं, झोप लागली तर? म्हणून उठल्या उठल्या, अंधारातच. तिची यायची वेळ होईपर्यंत मी शेडच्या दारात उभा राहायचो आणि स्वतःला फार मोठा समजायचो. मी तिला वाचवतोय आणि तिला पत्ताही नाही! यासारखं सुख नाही, मामा. हरणं त्याच वेळी, अंधारात, खालच्या टोकाला साठ पन्न्या चाटत होती.

काल ती आली ती भुवईसुद्धा न हसता. पत्र काही नव्हतं, फक्त वीजबिल. म्हणाली, "उद्या चारला बैठक. बाबा जाणार नाहीत म्हणतात. म्हणतात, काय तोंड दाखवू." आणि वळली. मी म्हटलं, "थांबा." आणि सांगून टाकलं. सांगताना पुन्हा जरा वाटलंच, की हिला बरं वाटेल. कोणीतरी आपल्यासाठी एवढं केलं.

तिने पिशवी खाली ठेवली. मग खाली वाकून गवताची लांब काडी उपटली. "हे बघा," म्हणाली, आणि काडीचं टोक तारेला लावून बोटं हळूहळू पुढे सरकवली. "लांबून नुसतं मुंगी चावल्यासारखं वाटतं. म्हणजे तार जिवंत. मग पिशवी आधी पलीकडे टाकायची, आणि ओंडक्यासारखं लोळत खालून जायचं. सहा वर्षांची असल्यापासून येतं मला. मी तारवाल्याची मुलगी आहे."

मी म्हटलं, "मला काय माहीत!"

"मग विचारायचं! मला तोंड नव्हतं?" आणि मग, "तुला कोणी सांगितलं होतं?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाली, आणि तेही शिवी दिल्यासारखं. आणि शब्द तेच, मामा. अक्षरशः तेच. प्रयोगशाळेतल्या मुलीने पाठवलेले. त्या वेळी मला वाटलं होतं की मुली कृतघ्न असतात. दोन वेगवेगळ्या मुली एकमेकींना न ओळखता तोच प्रश्न विचारतात, तेव्हा खोट त्यांच्यात नसते, तिसऱ्यात असते, आणि तिसरा मीच.

मग तिने काडी टाकून दिली. म्हणाली, "रोज काडी लावून बघत होते मी. रोज मेलेलीच. वाटलं, गवत कापताय म्हणून बंद ठेवली असेल. मीही विचारलं नाही." तिचे डोळे भरले होते, पण तिने ते मला दाखवले नाहीत, पिशवीचं बक्कल लावत बसली. "बाबांना मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही सांगा. आणि घरी येऊन कानात नाही, त्यांची अब्रू जिथे गेली तिथे, मंडळात." पुन्हा 'तुम्ही'.

मी तारवाल्याच्या घरी जाऊन आलो. दारातूनच म्हटलं, "काका, उद्या बैठकीला या, तुमच्यात खोट नाही हे मी दाखवणार आहे." तो तोंडात खिळे धरून होता. 'हं' म्हणाला. येईल की नाही माहीत नाही. मग पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज आला: "हरणं आता शिकली. आहे त्या कुंपणाने थांबायची नाहीत. बाहेरून तीन फुटांवर आणखी एक तार ओढा. हरणाला उंची कळते, रुंदी कळत नाही." हे सगळं खिळ्यांसकट बोलला, आणि मला प्रत्येक शब्द कळला.

काल संध्याकाळपासून उजाडेपर्यंत ती तार ओढली. हातांना फोड आलेत. कलमंही एकेक करून गुडघ्यावर बसून पाहिली. अकरातल्या सातांना बांधणीच्या वर जिवंत डोळा आहे, म्हणजे जुन्या झाडाचीच फूट येईल, दोघांचा तर फुगलाय. चार गेली. ती चार माझी, मामा. ती दुसऱ्या कोणाच्या नावावर टाकू नकोस, दयेपोटीसुद्धा.

आज पत्र तिने माझ्या हातात न देता ओट्यावर ठेवलं. जाताना मात्र नव्या तारेला काडी लावून बघितली आणि मान हलवली. तारेला हलवली की मला, ते कळलं नाही. मी विचारणार होतो. पण आधी चारची बैठक. सभागृहात तीस बागायतदार असतील आणि मला उभं राहून म्हणायचंय, 'मशीन बंद पडलं नाही, मी पाडलं.' तेवढं एकच वाक्य पाठ केलंय. कारण कोणी विचारलं तर तिचं नाव काढणार नाही. म्हणेन, मला वाटलं मला जास्त कळतं. ते खरंही आहे. त्यातल्या कोणी वेडंवाकडं बोललं तर मी ऐकून घेणार आहे, उलट बोलणार नाही. हे वाक्य मी मुद्दाम तुला लिहून पाठवतोय, म्हणजे मोडता येणार नाही. माफीपत्र प्राचार्यांना नाही लिहिलं, म्हणून बहुधा ते आज तोंडी द्यावं लागतंय.

हे पत्र टेबलावर ठेवतो. उद्या रविवार, परवा सकाळी ती नेईल, मी काय बोललो ते ऐकून झाल्यावर. नेणार नाही म्हणाली, तर मी स्वतः पोस्टात टाकीन. फेऱ्याच्या रस्त्याने.

पावणेचार होत आले. उभ्याउभ्याच लिहितोय. शेडमधून टक् टक् ऐकू येतंय, म्हणजे चालू आहे. तुझ्या या दाराची कडी जरा उचलून धरली की ते आवाज न करता लागतं, हे मला आजच कळलं.

निघालो. दार ओढून घेतो.

भाचा